वनभोजनाचीं भांडीं आणि सुरी

आरे-वारेच्या किनाऱ्यावरील वनभोजन रत्नागिरीकरांस नवें नाहीं. परंतु मुक्कामी सहलीस निघतांना भांड्यांची निवड चकाकी पाहून नव्हे, तर आपलें अन्न व आपली हवा पाहून करावी.

आमसूल, कैरी, ताक हे पदार्थ शिदोरींत असावयाचेच. तांबें व पितळ यांवर अम्लाची क्रिया होऊन अन्न कळकतें, आणि तें खाल्ल्यास वांत्या होतात. यास्तव कल्हई झिजलेलें भांडें, मग तें आजीच्या वेळचें कां असेना, घरींच ठेवावें. ॲल्युमिनियमहि आंबटास वर्ज्य. माणशीं स्टीलचें खोलगट ताट, पेला व चमचा पुरे. पंक्तीस केळीचीं पानें उत्तम.

सुरीचें पातें चार-पांच इंच असावें. मिटणारा चाकू उघडल्यावर अडकून राहणारा घ्यावा. नाहींतर तो बोटांवर मिटतो. साधें पोलाद खाऱ्या हवेंत लवकर गंजतें. १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली यांनीं केलेलें क्रोमियममिश्रित पोलाद अधिक टिकतें. तरी तेंहि धुवून पुसून ठेवावें. बोथट सुरीस जोर लागतो व ती निसटते, म्हणून आदल्या दिवशीं धार लावावी. नारळास मात्र कोयतीच हवी.

सुरी म्यानांत आणि म्यान वडीलधाऱ्यांच्या पिशवींत, एवढें पथ्य पाळल्यास मुलांची सहल निर्वेध पार पडेल.