स्वयंपाकघरातल्या खणात सापडलेली पावती

तुमच्या स्वयंपाकघरातला तो एक खण आठवून पाहा बरं! दोऱ्याची गुंडी, मेणबत्तीचे तुकडे आणि वाण्याच्या चुरगळलेल्या पावत्या. 'टाका एकदा तो कचरा,' असं घरची मंडळी म्हणतात आणि 'असू द्या, लागेल कधीतरी,' असं आपण म्हणतो. अशाच एका खणातली पावती एका भयंकर खटल्यात पुरावा ठरली, हे तुम्हांला खरं वाटेल?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी या शहरातली ही गोष्ट. १९ एप्रिल १९९५, सकाळचे नऊ वाजून दोन मिनिटं. केंद्र सरकारच्या नऊ मजली कचेरीसमोर उभ्या केलेल्या भाड्याच्या ट्रकचा स्फोट झाला. १६८ माणसं गेली. त्यांत १९ मुलं होती आणि त्यांतली १५ त्याच इमारतीतल्या पाळणाघरातली. सकाळी लेकराचा पापा घेऊन त्याला तिथं सोडलेल्या आयांचं काय झालं असेल, ते तुम्हांला वेगळं सांगायला नको.

हे करणारा टिमथी मॅक्व्हे सव्वीस वर्षांचा माजी सैनिक होता. १९९३ साली त्याच तारखेला टेक्सासमधल्या वेको इथं एका पंथाच्या वस्तीला पडलेला सरकारी वेढा आगीत संपला होता. त्याचा सूड म्हणून त्यानं ही कचेरी निवडली.

आता तपास पाहा. ट्रकच्या तर चिंधड्या झालेल्या! पण त्याचा मागचा आस सापडला. त्यावरच्या क्रमांकावरून पोलीस कॅन्सस राज्यात, जंक्शन सिटीमधल्या ट्रक भाड्यानं देणाऱ्या दुकानात पोचले. तिथं गिऱ्हाइकानं नाव सांगितलं होतं रॉबर्ट क्लिंग, अर्थात खोटं. चित्रकारानं काढलेला चेहरा घेऊन पोलीस हिंडले, तेव्हा जवळच्या मोटेलच्या बाईंनी तो ओळखला. त्यांच्या नोंदवहीत त्यानं खरं नाव लिहिलं होतं! संगणकात पाहतात तो काय, हा गडी आधीच कोठडीत. स्फोटानंतर दीड तासाच्या आतच, गाडीला नंबराची पाटी नाही म्हणून एका पोलिसानं त्याला महामार्गावर अडवलं होतं आणि त्याच्या अंगावर पिस्तूल सापडलं होतं. सुटायच्या बेतात असतानाच २१ एप्रिलला तो ओळखला गेला.

आणि ती पावती? साथीदार टेरी निकोल्सच्या स्वयंपाकघरातल्या खणात. पन्नास पौंडांची चाळीस पोती खत घेतल्याची. त्यावर मॅक्व्हेच्या बोटांचे ठसे होते.

पण मला सर्वांत जास्त चटका लावला तो दुसऱ्याच एका स्वयंपाकघरानं. मायकेल फॉर्टियर हा मॅक्व्हेचा लष्करातला मित्र. त्याच्या बायकोनं कोर्टात सांगितलं, की मॅक्व्हेनं तिच्याच घरातले सूपचे डबे जमिनीवर मांडून आपला बेत समजावला होता. खोट्या परवान्यावर प्लॅस्टिक चढवायला इस्त्रीही तिचीच. सगळं ठाऊक असून नवराबायको गप्प राहिले. साक्षीच्या बदल्यात तिच्यावर खटला झाला नाही, पण नवऱ्याला बारा वर्षांची शिक्षा झाली.

ओक्लाहोमात निःपक्षपाती सुनावणी होणं कठीण, म्हणून खटला डेन्व्हरला चालला. खुनाचे आरोप मात्र आठच! कारण हे केंद्राचं न्यायालय, आणि ते आठ जण केंद्र सरकारचे सुरक्षा-अधिकारी. २ जून १९९७ ला पंचांनी मॅक्व्हेला दोषी ठरवलं, ११ जून २००१ ला त्याला देहान्त शासन झालं. निकोल्सला जन्मठेप झाली. बाकीच्या जिवांचा हिशेब राहू नये, म्हणून राज्यानं २००४ साली निकोल्सवर वेगळा खटला चालवला. त्यातही जन्मठेपच झाली.

आज त्या जागी १६८ रिकाम्या खुर्च्या आहेत. त्यांतल्या १९ लहान आहेत.

मैत्रिणींनो, पावत्या जपाच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपल्या ओट्यापाशी बसून कुणी भलतंच बोलू लागलं, तर 'पुरुषांच्या गोष्टी, आपल्याला काय करायचंय?' म्हणून चहाचं आधण ठेवायला वळू नका. मग तो नवऱ्याचा मित्र असो, नाहीतर पाठचा भाऊ असो. वेळेवर उच्चारलेला एक शब्द कुणाचं तरी लेकरू संध्याकाळी घरी आणू शकतो.