चाळीस डॉलरचं धुकं

ऑक्टोबर लागला की हॅलोविनसाठी अमेरिकेतल्या उपनगरांमध्ये घरापुढच्या हिरवळीवर थडगी उगवू लागतात. फोमची. त्यांच्यामधून हाडांचे सापळे डोकं वर काढतात. २०२० साली 'होम डेपो' या दुकानसाखळीने १२ फुटी सापळा २९९ डॉलरला विकायला आणला, तेव्हापासून तर काही सापळे घराच्या पन्हळीपर्यंत पोचलेत. पण ३१ तारखेच्या संध्याकाळी या स्मशानात खरी जान आणते ती बुटांच्या खोक्याएवढी एक वस्तू, झुडपामागे लपवलेली. फॉग मशीन. साधं घ्यायचं तर तीस-चाळीस डॉलरमध्ये मिळतं.

नवलाची गोष्ट अशी की या धुरात धूर नसतो. यंत्रात काहीच जळत नाही. टाकीत असतं 'फॉग ज्यूस' नावाचं पातळ द्रव: पाणी आणि त्यात मिसळलेलं प्रॉपिलीन किंवा ट्रायएथिलीन ग्लायकॉल, नाहीतर ग्लिसरीन. छोटासा पंप ते तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातून ढकलतो. तिथे त्याची वाफ होते, वाफ तोटीतून जोरात बाहेर पडते आणि बाहेरच्या गार हवेत क्षणात तिचे पुन्हा थेंब होतात. हे थेंब साधारण एक मायक्रॉनचे, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पट बारीक. म्हणूनच चमचाभर द्रवातून अंगणभर ढग होतो. त्या थेंबांवर आपटून प्रकाश चहूकडे विखुरतो आणि साध्या हिरव्या दिव्याचा झोतसुद्धा हवेत डोळ्यांना दिसू लागतो.

भुतं दाखवायला हवेत काहीतरी तरंगतं ठेवायचं, ही युक्ती मात्र जुनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एतिएन-गास्पार रोबेर, रंगमंचावरचं नाव रॉबर्टसन, एका ओसाड मठात 'फँटॅस्मागोरिया'चे खेळ करत असे. त्यात जादूच्या कंदिलातली चित्रं धुरावरही पाडली जात आणि समोरचे प्रेक्षक घाबरून किंचाळत. तेव्हाचा धूर खरा होता, नाकातोंडात जाणारा. आजचं बिनधुराचं धुकं सिनेमाच्या गरजेतून पुढे आलं. गुंथर शाइट आणि रॉस्को लॅबोरेटरीज यांना अशाच बिनविषारी द्रवासाठी १९८०च्या दशकात ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. तीच विद्या आता चाळीस डॉलरच्या खोक्यात येते.

त्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: वॉट आणि मिनिटाला किती घनफूट धुकं. दुसऱ्या आकड्यावर फार विसंबू नये. तो कसा मोजला हे खोक्यावर सहसा नसतं. वॉटचा अर्थ मात्र सरळ आहे. प्रत्येक फवाऱ्याबरोबर ठोकळा निवतो, ठरावीक तापमानाखाली गेला की थर्मोस्टॅट पंप बंद करतो आणि यंत्र पुन्हा तापेपर्यंत गप्प बसतं. ४०० वॉटचं यंत्र थोडा वेळ धुकं सोडून दम खातं. १००० वॉटचं कमी थांबतं. दारावर खाऊ मागायला मुलांची टोळी आली की बटण दाबायचं, एवढंच काम असेल तर ४०० पुरे. अखंड धुकं हवं असेल तर मोठं यंत्र आणि टायमर असलेला रिमोट घ्यावा. मात्र अमेरिकेत घरातल्या साध्या सर्किटला १२० व्होल्ट आणि १५ अँपियर, म्हणजे जेमतेम १८०० वॉटची मर्यादा असते. मोठं यंत्र, हवा भरलेले भोपळे आणि दिव्यांच्या माळा एकाच प्लगवर चढवल्या तर ब्रेकर पडतो आणि स्मशान खरोखरच अंधारात जातं.

माझ्या मते पैसे वॉटवर घालण्यापेक्षा बर्फावर घालावेत. यंत्रातून निघणारं धुकं गरम असतं, त्यामुळे ते वर चढतं आणि वाऱ्यावर निघून जातं. थडग्यांना मात्र जमिनीलगत लोळणारं धुकं शोभतं. ते थंड केलं की हवेपेक्षा जड होतं आणि खाली बसतं. नाटक-सिनेमाची यंत्रं हे काम शीतकरण बसवून करतात आणि महाग असतात. हौशी लोक कचऱ्याचा मोठा डबा घेतात, आत तारेच्या जाळीवर बर्फ भरतात, एका बाजूने धुकं आत सोडतात आणि दुसरीकडे, तळाशी, एक भोक ठेवतात. डब्यातून बाहेर येताना धुकं थोडं कमी होतं, पण गवतावरून वाहत जातं. जोराचा वारा असेल तर मात्र कोणताच डबा उपयोगाचा नाही.

कोरडा बर्फ, म्हणजे उणे ७८.५ अंशांचा घन कार्बन डायऑक्साइड, गरम पाण्यात टाकला की सुंदर धुकं देतो. आपल्याकडे लग्नांत नवरा-नवरी ढगांतून येतात तेही बरेचदा यातूनच. पण किलोभर कोरड्या बर्फातून पाचशे लिटरहून जास्त वायू निघतो आणि बंद जागेत तो प्राणवायूला बाजूला सारतो. २०२० साली मॉस्कोत एका पार्टीत पोहण्याच्या हौदात कोरडा बर्फ ओतल्यावर तीन जण दगावले. मोकळ्या अंगणात ठीक, गॅरेजमध्ये नको.

ग्लायकॉलचं धुकंही कोंडून ठेवू नये. ब्रॉडवेवरच्या कलाकारांवरील २००० सालच्या अभ्यासात त्याच्या दाट धुक्याचा घशाच्या आणि श्वसनाच्या त्रासाशी संबंध आढळला होता. दम्याची मुलं येणार असतील तर तोटी वाटेकडे न वळवता झुडपांकडे वळवावी. घरात लावलं तर धुराचा अलार्म वाजण्याची शक्यता धरून चालावं. ज्यूस घरी करायचं धाडस टाळावं. ग्लिसरीन फार तापलं तर त्यातून ॲक्रोलीन हा झोंबरा वायू सुटतो. नळाचं पाणी तर टाकीत घालूच नये, त्यातले क्षार तोटी बुजवतात. टाकी कोरडी ठेवून पंप चालवणं हेही यंत्र मरायचं एक हमखास कारण.

कोणी अमेरिकेहून गणपतीच्या देखाव्यासाठी यंत्र घरी पाठवायच्या विचारात असेल, तर त्याने आधी मागची पट्टी वाचावी: १२० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर जळेल.

राहिली खरेदीची वेळ. हॅलोविनच्या आधी रिकाम्या गाळ्यांमध्ये 'स्पिरिट हॅलोविन'सारखी हंगामी दुकानं उघडतात. तिथे यंत्र पूर्ण किमतीला असतं. १ नोव्हेंबरनंतर उरलेला माल बऱ्याचदा निम्म्या भावात निघतो. तेव्हाच घ्यावं, पण घरी आणून लगेच ज्यूस भरून एकदा चालवावं. बंद पडलेलं यंत्र पुढच्या ऑक्टोबरात कोणी बदलून देत नाही.