एक इंजिन, तीन ऑइलं

अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन गावात १९८१ पासून शेव्हरोलेची कॉर्व्हेट तयार होते. तिची सातवी पिढी २०१४ च्या मॉडेलपासून विक्रीला आली. नाकाखाली ६.२ लिटरचं, आठ सिलिंडरचं 'एलटी१' इंजिन आणि ताकद ४५५ अश्वशक्ती. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत ऑइलबद्दल सूचना होती : रोजच्या रस्त्यासाठी ५डब्ल्यू-३० वापरा, गाडी रेस ट्रॅकवर न्यायची असेल तर ते काढून १५डब्ल्यू-५० भरा आणि ट्रॅकवरून आल्यावर पुन्हा ५डब्ल्यू-३० वर या. २०१९ च्या मॉडेलला मात्र रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी एकच ऑइल सांगितलं गेलं, ०डब्ल्यू-४०. स्पोर्ट्‌स कारचं ऑइल कसं निवडावं, हे या बदलातून नीट समजतं.

डब्यावरचे हे आकडे अमेरिकेतल्या 'एसएई' या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० मानकातून येतात. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीचा. ०डब्ल्यू ऑइल उणे ४० अंशांत, ५डब्ल्यू उणे ३५ अंशांत आणि १५डब्ल्यू उणे २५ अंशांत पंपाला ओढता आलं पाहिजे. मागचा आकडा तापलेल्या इंजिनाचा. १०० अंशांना ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असेल तर ते '३०', १६.३ पर्यंत '४०' आणि २१.९ पर्यंत '५०'. म्हणजे पहिला आकडा लहान म्हणून ऑइल गरम झाल्यावरही पातळ, हा समज चुकीचा आहे. गरम इंजिनात ०डब्ल्यू-४० हे ५डब्ल्यू-३० पेक्षा दाट असतं.

दाटपणाला एवढं महत्त्व का, याचं उत्तर १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये मिळालं. बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांची बेअरिंग तपासत होते. बेअरिंगला वरून पाडलेल्या भोकातून तेल बाहेर येऊ लागलं, म्हणून त्यांनी तिथे बूच मारलं. तेही तेलाने बाहेर ढकललं. प्रेशर गेज लावल्यावर कळलं, की तेलात प्रचंड दाब तयार होतोय आणि सगळा भार तेलच पेलतंय. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्‌स यांनी त्याचं गणित मांडलं. फिरणारा दांडा तेलाला निमुळत्या फटीत ओढत नेतो आणि तिथे तयार होणाऱ्या दाबावर धातू धातूपासून अलग राहतो. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमधला हा थर भार वाढतो त्या क्षणी काही मायक्रॉनच उरतो; माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. दाटपणा घटला की थर आणखी पातळ होतो आणि धातूला धातू घासू लागतो.

मग सरसकट दाट ऑइलच का घालू नये? कारण ऑइलकडे इतर कामंही आहेत. एलटी१ मध्ये पिस्टनच्या खालच्या बाजूला ऑइलचे फवारे मारून ते थंड ठेवले जातात. व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावर बदलतं. भार कमी असताना चार सिलिंडर बंद ठेवण्याची यंत्रणाही त्याच दाबावर चालते. अति दाट ऑइल या बारीक वाटांतून हळू सरकतं, थंड इंजिनात सगळीकडे पोचायला वेळ घेतं आणि स्वतःच्या घर्षणाने तापतं. गेजवर दाब भरपूर दिसतो, पण बेअरिंगमधून वाहणारं, उष्णता वाहून नेणारं ऑइल कमी झालेलं असतं.

ट्रॅकवर गणित बदलतं. पाय बराच वेळ ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला, आरपीएम वरच्या टोकाला आणि श्वास घ्यायला उसंत नाही. रस्त्यावर साधारण शंभर अंशांच्या आसपास राहणारं ऑइल तिथे १३० अंशांपलीकडेही जाऊ शकतं. वळणावर ते एका बाजूला फेकलं जातं आणि पंपाने हवा ओढण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून कॉर्व्हेटच्या झेड५१ पॅकेजमध्ये ड्राय संप होता : वेगळी उंच टाकी आणि एकूण नऊ लिटरांहून अधिक ऑइल. इतक्या उष्णतेत '३०' फार पातळ होतं, म्हणून '५०'ची शिफारस होती. पण १५डब्ल्यू कडाक्याच्या थंडीला चालत नाही, म्हणून परतल्यावर बदलणं भाग होतं.

०डब्ल्यू-४० ने ही अडचण सोडवली. जे३०० मध्ये आणखी एक कसोटी आहे, एचटीएचएस. १५० अंशांना आणि बेअरिंगमध्ये असतो तशा जोरदार घुसळणीत ऑइल किती दाट राहतं, ते ती मोजते. तिथे '३०'ला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद पुरतात. ०डब्ल्यू-४० ला किमान ३.५ लागतात आणि '५०'ला ३.७. शेवटच्या दोघांतलं अंतर किती थोडं आहे पाहा! सिंथेटिक ऑइलमुळे थंडीतला पातळपणा आणि उष्णतेतला टिकाऊपणा एका डब्यात आला.

तरीही ०डब्ल्यू-४० हे सगळ्यांचं उत्तर नाही. होंडाच्या एस२००० चं इंजिन आठ हजार आरपीएमच्या वर फिरे, पण तिला १०डब्ल्यू-३० सांगितलेलं होतं. फोर्डने २०१२ च्या मस्टँग जीटीला ५डब्ल्यू-२० दिलं आणि त्याच घराण्यातल्या, ट्रॅकसाठी सजवलेल्या बॉस ३०२ ला ५डब्ल्यू-५०. बेअरिंगची फट, ऑइल कूलर आणि गाडीचा अपेक्षित वापर यांवरून प्रत्येक इंजिनाचा आकडा ठरतो.

आपल्याकडे स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्यांना यातून स्पष्ट दिशा मिळते. पुण्या-मुंबईच्या हिवाळ्यात ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू यांतला फरक फारसा जाणवणार नाही. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाचा परिणाम ऑइलवर होतो, पण गाडी कशी चालवली जाते याचा त्याहून मोठा. म्हणून 'इथे गरम असतं, घट्ट ऑइल टाका' या सल्ल्यावर विसंबू नका. आधी पुस्तिका उघडा, तिथला ग्रेड आणि कंपनीची मान्यता दोन्ही पाहा. पुस्तिकेत एकापेक्षा जास्त ग्रेड असतील आणि तुम्ही ट्रॅकवर जात असाल, तर ऑइलचं तापमान बघून त्यांतला दाट ग्रेड निवडा. शहरातच फिरत असाल, तर पहिल्या शिफारशीवर ठाम राहा आणि ऑइल वेळेवर बदला.