अश्रूंतील प्रतिपिंडे आणि टॉक्सोप्लाझ्माजन्य नेत्ररोगाचे निदान

‘टॉक्सोप्लाझ्मा’ या नावात विषाचा वास येतो खरा. परंतु ते पडले ग्रीक भाषेतील धनुष्यवाचक शब्दावरून, या एकपेशीय परोपजीवीचा आकार बाकदार म्हणून. १९०८ साली ट्युनिस येथे निकोल व मान्सो यांना तो गुंडी नामक कृंतक प्राण्यात आढळला. मानवी दृष्टिपटलातील त्याचे वास्तव्य हेलेनर वाइल्डर यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. दक्षिण ब्राझीलमधील एरेशीं भागात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांच्या डोळ्यांत या रोगाच्या खुणा होत्या.

निदानातील खरी अडचण रक्तपरीक्षेची आहे. रक्तरसातील प्रतिपिंडे एवढेच सांगतात, की या मनुष्यास केव्हातरी संसर्ग झाला होता. असा संसर्ग झालेले लोक जगात कोट्यवधी आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचे डोळे निकोप असतात. डोळ्यातील दाह याच जंतूचा आहे काय, हे त्यावरून ठरत नाही. ते ठरविणे मात्र निकडीचे असते. जंतुनाशक औषधाविना केवळ स्टेरॉइड दिल्यास व्रण पसरू शकतो, आणि तो पीतबिंदूशी पोहोचला म्हणजे वाचण्याची दृष्टी कायमची जाते. उलटपक्षी, पायरिमेथामीनसारखे औषध अस्थिमज्जेस बाधक असल्याने ते निष्कारण देणेही इष्ट नव्हे.

नेत्रजल आणि रक्त यांतील प्रतिपिंडांची तुलना करण्याची गोल्डमान-विट्मर पद्धती अधिक विश्वसनीय आहे. पण तीत डोळ्यात सुई घालावी लागते. अश्रू मात्र विनासायास मिळतात. त्यांतील स्रावी ‘आयजीए’ जातीची प्रतिपिंडे अश्रुग्रंथीतच घडतात. ती रक्तातून पाझरलेली नसतात, म्हणून त्यांची साक्ष डोळ्याच्या अधिक जवळची असावी, असा तर्क होता. ब्राझीलमधील संशोधकांनी सक्रिय दाह असलेल्या रुग्णांत ती अधिक प्रमाणात आढळल्याचे नोंदविलेही आहे.

येथे एक शंका उद्भवते. अश्रुग्रंथी म्हणजे दृष्टिपटल नव्हे. दोहोंमध्ये सबंध नेत्रगोल आहे. शिवाय २००० साली नेदरलँड्समधील संशोधकांना, ज्यांच्या रक्तात या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे नाहीत अशा निरोगी माणसांच्या अश्रूंतही तशी ‘आयजीए’ सापडली. म्हणजे होकारार्थी उत्तर एकट्याने फारसे सिद्ध करीत नाही. नकारार्थी उत्तराने रोग नाही असेही म्हणता येत नाही, कारण काही रुग्णांत ती मिळतच नाहीत. नेत्रपरीक्षेत जुन्या डागाच्या कडेला नवा व्रण स्पष्ट दिसत असेल, तर अश्रुपरीक्षेची गरजच उरत नाही. तिचा उपयोग संभवतो तो संदिग्ध रुग्णात, सुई घालावी की न घालावी याचा विचार चालू असताना. आणि तोही परीक्षेत नेमके कोणते प्रतिजन वापरले, हे पाहूनच.