बेपत्ता माणूस कुठल्या यादीत जातो? १९९२-९३ ची मुंबई आणि १६८ नावं

लोकलमध्ये नेटवर्क जातं, एपिसोड अर्धवट राहतो, म्हणून जरा लिहूनही टाकत जा, असं तुमच्यापैकी बरेच जण सांगतात. तर हा या आठवड्याचा भाग, लिहिलेला. बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत वाचून होईल एवढाच आहे.

वंशसंहारावरच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "ताई, जर्मनी कळलं, रवांडा कळलं. पण आपल्या मुंबईत ९२-९३ ला झालं ते काय होतं? त्याला काय म्हणायचं?"

प्रश्न चांगला आहे. मी गोराईत राहते, आणि हे सगळं झालं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. माझ्या वयाच्या बहुतेकांना 'दंगल झाली होती' इतकंच माहीत असतं. फार तर 'तेव्हा कर्फ्यू होता' एवढं.

आधी शब्दाचं बघू. राफेल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलाने १९४४ मध्ये वंशसंहारासाठी इंग्रजी शब्द घडवला. ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी त्यावर करार मंजूर केला. त्यातली व्याख्या फार काटेकोर आहे. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, आणि तो गट पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू, असं दोन्ही सिद्ध व्हावं लागतं. माणसं किती मेली यापेक्षा हेतू सिद्ध करणं अवघड असतं. भारताने १९५९ मध्ये या कराराला मान्यता दिली, पण आपल्या फौजदारी कायद्यात वंशसंहार नावाचा वेगळा गुन्हा आजही नाही. त्यामुळे मुंबईतले खटले चालले ते खून, जाळपोळ, दंगल अशा कलमांखाली.

आता तुम्ही म्हणाल, मग वाद मिटला? नाही. शब्दावरून वाद घालणारे दोन्ही बाजूंना भरपूर आहेत, कुठलंही कमेंट सेक्शन उघडून बघा. आज मला बोलायचंय ते त्या वादात हरवलेल्या १६८ माणसांबद्दल.

आधी जे नोंदलं गेलंय ते सांगते. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. पहिला टप्पा डिसेंबरमध्ये, दुसरा जानेवारी १९९३ मध्ये. चौकशीसाठी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला गेला. जानेवारी १९९६ मध्ये सरकारने तो आयोगच गुंडाळला, मे १९९६ मध्ये पुन्हा सुरू केला, आणि १६ फेब्रुवारी १९९८ ला अहवाल सादर झाला.

अहवालातला आकडा ९०० मृतांचा आहे. त्यात ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ५ इतर, आणि ४५ जण असे की ज्यांची ओळखच पटली नाही. कसे मेले, तेही लिहिलंय. पोलिसांच्या गोळीबारात ३५६, भोसकून ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या हातून ८०, खासगी गोळीबारात २२, इतर कारणांनी ४. आयोगाने ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. ८ जानेवारीपासून मुस्लिमांवरच्या संघटित हल्ल्यांमध्ये शिवसेना पुढे होती, शाखाप्रमुखांपासून थेट प्रमुखांपर्यंत, असा निष्कर्ष काढला. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत हिंदू कुटुंबाला खोलीत कोंडून जाळलं, तेही त्याच अहवालात आहे. वडाळ्याच्या हरी मशिदीतला पोलीस गोळीबारही त्यातच आहे. आपल्याला आवडेल तेवढंच उचलायची सोय हा अहवाल देत नाही. मला त्यातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

पण हे ९०० म्हणजे ज्यांचे मृतदेह सापडले ते. काही जण घरातून बाहेर पडले आणि परतलेच नाहीत. अशा बेपत्ता माणसांचा सरकारी आकडा १६८.

इथे माझ्या कामातलं एक उदाहरण देते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर डेटाबेसशी झगडते. डेटाबेसमध्ये एखाद्या रकान्यात काहीच भरलेलं नसेल तर त्याला 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नाही. नल म्हणजे 'माहीत नाही'. गंमत अशी, की नलची तुलना कशाशीही केली तरी उत्तर 'माहीत नाही' असंच येतं. म्हणजे समजा माणसांच्या यादीत 'हयात आहे का' असा रकाना आहे आणि तो रिकामा आहे. तुम्ही हयात माणसांची यादी काढली, तर तो माणूस त्यात येणार नाही. मृतांची काढली, तर त्यातही येणार नाही. तो टेबलमध्ये आहे, पण कुठल्याच यादीत नाही.

बेपत्ता माणसाच्या घरच्यांचं नेमकं हेच होतं. मृतदेह नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून बँकेतले पैसे निघत नाहीत, खोली नावावर होत नाही, बायको स्वतःला विधवा म्हणू शकत नाही. कायद्यात एक वाट आहे. ज्यांना बातमी लागायला हवी होती त्यांनाही ७ वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही, तर तो हयात आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. पण ७ वर्षं घर कसं चालवायचं?

दंगलीतल्या मृतांच्या वारसांना सरकारने २ लाख रुपये जाहीर केले होते. बेपत्तांच्या वारसांसाठी तसा निर्णय झाला तो जुलै १९९८ मध्ये. १६८ पैकी ६० कुटुंबांना पैसे मिळाले. उरलेल्या १०८ कुटुंबांचा एक तर पत्ताच सापडला नाही, नाहीतर त्यांच्याकडून कागदपत्रं पूर्ण झाली नाहीत. जरा विचार करा, ज्याची खोलीच जळाली त्याचं रेशनकार्ड कुठे राहणार? जो जीव वाचवून गावी गेला, त्याच्या जुन्या पत्त्यावर नोटीस पाठवून काय होणार?

४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात निकाल दिला. या १०८ कुटुंबांना शोधा, २ लाख द्या, आणि २२ जानेवारी १९९९ पासून ९ टक्के व्याज द्या, असं सांगितलं. सरळव्याजाने हिशोब करा. वर्षाला १८ हजार, २४ वर्षांचे ४ लाख ३२ हजार. म्हणजे मुद्दलापेक्षा उशीरच दुपटीहून मोठा झाला. देखरेखीसाठी न्यायालयाने महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच निकालात आणखी एक आकडा आहे. ९७ खटले सुप्त फाइलवर पडून होते, कारण आरोपी सापडत नव्हते.

आता तुलनेसाठी जरा लांब जाऊ. मुंबईनंतर अडीच वर्षांनी, जुलै १९९५ मध्ये, बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा इथे ८ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी त्याला वंशसंहार ठरवलं. मारणाऱ्यांनी पुरावा लपवायला सामूहिक कबरी पुन्हा उकरल्या आणि अवशेष यंत्रांनी दुसरीकडे नेऊन पुरले. त्यामुळे एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या ठिकाणी सापडली. तरी नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेऊन, डीएनए जुळवून, जवळपास ७ हजार जणांची ओळख पटवली गेली. दरवर्षी ११ जुलैला पोतोचारीच्या स्मारकात, नव्याने ओळख पटलेल्यांचं दफन होतं. काही आयांनी मुलाची दोनच हाडं पुरली, पण नावानिशी पुरली.

दोन्ही घटना सारख्या आहेत असं मी म्हणत नाहीये. आकडा वेगळा, हेतू ठरवणारं न्यायालय वेगळं. पण रिकामा रकाना भरता येतो, एवढं तिथे दिसतं. तिथे हाडं जुळवावी लागली. इथे निदान कागदावरचे पत्ते तरी जुळवायचे होते.

मग आपण काय करायचं? श्रीकृष्ण अहवालाचा दुसरा भाग पोलीस ठाण्यांनुसार लावलाय. जोगेश्वरी, घाटकोपर, देवनार, माहीम, निर्मलनगर अशी ठाणी त्यात आहेत. इंग्रजी अहवाल फोनवर वाचता येतो. आपल्याला ओळखीचं एक ठाणं निवडा आणि तेवढंच वाचा. मग घरातल्या किंवा चाळीतल्या काका-मावशींना विचारा, 'तेव्हा तुम्ही कुठे होतात?' वाद घालू नका, फक्त ऐका. त्यांनी हो म्हटलं तरच रेकॉर्ड करा, आणि ते स्टेटसवर टाकू नका. दंगलीबद्दल फॉरवर्ड आला, तर हे कुणी, कधी नोंदवलंय एवढं विचारा.

आणि बोलता बोलता कुणी म्हणालं, 'आमच्या बाजूला एक जण होता, तेव्हा गेला तो आलाच नाही, घरचे गावी निघून गेले', तर तिथे थांबा. गावाचं नाव विचारा. विधी सेवा प्राधिकरणाची मोफत हेल्पलाइन १५१०० आहे, ती त्यांना द्या. ज्या घरांचा पत्ता सरकारी कागदात लागला नाही, त्यातल्या एखाद्याचा पत्ता कुणा शेजारणीला तोंडपाठ असू शकतो.

त्या श्रोत्याला माझं उत्तर एवढंच, की नाव काय द्यायचं यावर तू-मी पुढेही बोलू. पण त्याआधी त्या माणसांची नावं तरी आपल्याला माहीत व्हायला हवीत.

तुमच्या भागातलं काही ऐकायला मिळालं तर व्हॉइस मेसेज करा. कुणाचंही नाव त्यांच्या परवानगीशिवाय इथे येणार नाही. भेटू पुढच्या भागात!