यंत्रमानवाची चाके आणि रूळ : योग्य आवरणाची निवड

यंत्रमानवांच्या स्पर्धा आता विद्यार्थिजगतात चांगल्याच रुजल्या आहेत. अमेरिकेत ‘फर्स्ट’ या संस्थेची माध्यमिक विद्यार्थ्यांसाठीची स्पर्धा 1992 साली सुरू झाली. आशिया-प्रशांत विभागातील महाविद्यालयांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा 2002 साली टोकियो येथे प्रथम भरली आणि 2008 व 2014 या दोन वर्षी तिचे यजमानपद पुण्याकडे आले. गोव्यातही शालेय स्तरावर यंत्रमानवशास्त्राचे शिक्षण देणारी ‘केअर्स’ योजना राबविली जात आहे. अशा स्पर्धांची तयारी करताना विद्यार्थ्यांचे लक्ष मोटार, बॅटरी व आज्ञावली यांवर खिळलेले असते. चाकावरच्या रबराच्या पातळ थराचा विचार मात्र सर्वांत शेवटी होतो. वस्तुतः मोटारीची सारी शक्ती या थरातूनच जमिनीपर्यंत पोहोचते. हा थर कसा निवडावा, याचे थोडक्यात विवेचन येथे करण्याचे योजिले आहे.

पकड म्हणजे काय?

चाक जमिनीवर जितक्या वजनाने टेकलेले असेल, त्या वजनाला घर्षण गुणांकाने गुणले असता ते न घसरता जास्तीत जास्त किती जोर लावू शकेल, हे कळते. समजा, 50 किलो वजनाच्या यंत्रमानवाची सर्व चाके मोटारीने फिरतात. गुणांक 0.6 असेल, तर तो सुमारे 30 किलो वजनाइतका जोर लावील. गुणांक 1 असेल, तर 50 किलोइतका. याहून शक्तिमान मोटार बसविली, तरी चाक जागच्या जागी फिरत राहील, इतकेच.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घेतली पाहिजे. घर्षण गुणांक हा एकट्या रबराचा गुण नव्हे. एकमेकांना टेकलेल्या दोन पृष्ठभागांचा तो संयुक्त गुण होय. जे रबर गालिच्यावर घट्ट धरते, तेच धूळ बसलेल्या गुळगुळीत फळीवर घसरू शकते. शिवाय रबर मऊ असल्याने जमिनीच्या बारीकसारीक खाचाखळग्यांत शिरते. त्यावरील दाब फार वाढला, तर त्याचा गुणांक काहीसा उतरतो. म्हणून जड यंत्रमानवाला रुंद चाक काही अंशी उपकारक ठरते.

‘फर्स्ट’च्या 2009 सालच्या स्पर्धेने हे तत्त्व उत्तम रीतीने दाखवून दिले. चंद्रावर मानवाचे पाऊल पडल्यास 40 वर्षे झाल्याच्या निमित्ताने त्या वर्षी मैदानावर गुळगुळीत पत्रे अंथरले होते. सर्वांना एकाच प्रकारची कडक प्लॅस्टिकची चाके सक्तीची होती आणि त्यांवर कसलेही आवरण चढविण्यास मनाई होती. एरवी गालिच्यावर झेपावणारी यंत्रे तेथे बर्फावर असल्यासारखी वाहत गेली.

चाकांसाठी

गालिच्यावर धावणाऱ्या चाकांसाठी कारखान्यांतील चढणीच्या वाहक पट्ट्यांचे खडबडीत रबर फार उपयोगी पडते. त्याचा गुणांक गालिच्यावर 1 च्या आसपास मिळतो. हे रबर नैसर्गिक असेल, तर पकड अधिक मिळते. पण ते लवकर झिजते. नायट्राइल रबर अधिक काळ टिकते व तेलाने खराब होत नाही. पॉलियुरेथेन झिजेस चांगले दाद देत नाही. मात्र त्याचे कडक प्रकार पकडीत मागे पडतात. सिलिकोन स्वच्छ, गुळगुळीत पृष्ठभागावर उत्तम चिकटून राहते. पण धूळ झटकन ओढून घेते आणि नेहमीच्या गोंदाने चाकावर बसत नाही.

रबराचा मऊपणा ‘शोअर ए’ या मापाने सांगतात. आकडा जितका लहान, तितके रबर मऊ. मऊ रबर अधिक धरते, पण लवकर झिजते.

अधिक पकड नेहमीच हिताची असते, असेही नव्हे. दोन्ही बाजूंची चाके कमीअधिक वेगाने फिरवून वळणाऱ्या यंत्रमानवाची चाके वळताना आडवी घासत जातात. चारही कोपऱ्यांवर घट्ट धरणारे रबर असेल, तर मोटारींवर ताण पडतो, विद्युतप्रवाह वाढतो आणि यंत्र अडखळते. यावर उपाय म्हणून काही कोपऱ्यांवर आडवी सरकू शकणारी चाके बसवितात, किंवा मधली चाके किंचित खाली ठेवतात.

रुळांसाठी

वस्तू आत ओढून घेणाऱ्या रुळाचा प्रश्न निराळा आहे. चाकावर यंत्राचे वजन असते; चेंडू मात्र हलका असतो. त्यामुळे रुळाला दाब स्वतःच निर्माण करावा लागतो. यासाठी रूळ व तळ यांमधील अंतर चेंडूच्या व्यासाहून थोडे कमी ठेवतात आणि आवरण मऊ घेतात. अंतर फार कमी झाले, तर चेंडू अडकतो. रुळाच्या कडेचा वेग यंत्राच्या वेगाहून बराच अधिक, शक्यतो दुप्पट, असावा. नाहीतर वस्तू आत येण्याऐवजी पुढे ढकलली जाते.

रुळासाठी साधने घरगुतीही चालतात. पीव्हीसी नळीवर ताणून चढविलेली सायकलची ट्यूब, क्रिकेटच्या बॅटीच्या मुठीवरची रबरी ग्रिप किंवा लॅटेक्सची नळी यांपासून आरंभ करावा. वस्तूचा पृष्ठभाग मात्र आधी पाहावा. ‘फर्स्ट’च्या स्पर्धेत 2022 साली लव असलेल्या कापडाचे मोठे चेंडू होते, तर 2024 साली फोमची कडी होती. एका वर्षी यशस्वी ठरलेले आवरण दुसऱ्या वर्षी तसेच उपयोगी पडेल, असे गृहीत धरता येत नाही.

घरच्या घरी परीक्षा

महागडे साहित्य मागविण्यापूर्वी पुढील परीक्षा करावी. स्पर्धेच्या मैदानासारखा पृष्ठभाग एका फळीवर लावावा. चाक फिरणार नाही असे बांधून त्यावर ठेवावे आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलावे. चाक घसरू लागताच फळीची उंची मोजून तिला आडव्या अंतराने भागावे. येणारी संख्या म्हणजेच घर्षण गुणांक. उंची व आडवे अंतर समान असताना, म्हणजे 45 अंशांवर, तो 1 असतो. सुमारे 31 अंशांवर 0.6. प्रत्येक आवरणाची पाच वेळा परीक्षा घेऊन सरासरी काढावी. नंतर तीच परीक्षा धूळ टाकून पुन्हा करावी, कारण प्रत्यक्ष मैदान क्वचितच निर्मळ असते.

नियम व निगा

आवरण निवडण्यापूर्वी स्पर्धेची नियमावली अवश्य वाचावी. मैदानास इजा करणारे धातूचे दाते, सँडपेपर वा कडक खिळे ‘फर्स्ट’च्या स्पर्धेत वर्ज्य आहेत. मैदानावर डाग वा चिकटपणा मागे ठेवणारे द्रव्यही वापरू नये. प्रत्येक सामन्यापूर्वी चाके ओल्या फडक्याने पुसावीत व पूर्ण वाळू द्यावीत. लॅटेक्स व नैसर्गिक रबर उन्हात तडकते, म्हणून ते सावलीत ठेवावे. झिजलेले आवरण वेळीच बदलता यावे यासाठी जादा पट्ट्या आधीच कापून ठेवाव्यात.

साधनसंपत्ती थोडी असलेल्या शाळेलाही या बाबतीत मागे राहण्याचे कारण नाही. फळी, मोजपट्टी व सायकलच्या दुकानातील टाकाऊ ट्यूब एवढ्या सामग्रीवर जी माहिती हाती येते, ती कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. कारण ती आपल्याच चाकाची व आपल्याच मैदानाची असते. शिक्षकांनी ही परीक्षा विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी व निष्कर्ष वहीत नोंदवून ठेवावेत. पुढील वर्षीच्या संघाला तो मोलाचा ठेवा ठरेल.