बोट टेकतं, मग स्क्रीन ऐकत का नाही?

टू-इन-वन लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, स्क्रीन मागे दुमडली, बोटानं पान वर ढकललं. पान जागचं हललं नाही. मजकूर मात्र निळा होऊन सिलेक्ट झाला. निदान ठरलेलं : "लिनक्सला टचस्क्रीनचा ड्रायव्हरच नाही."

मजकूर सिलेक्ट झाला, म्हणजे बोट पोचलं की! एकाच वेळी अनेक बोटं ओळखणारा सर्वसाधारण ड्रायव्हर २०११ पासून कर्नलमध्येच आहे. (याच समजापायी मी एक अख्खा रविवार नवनवे कर्नल चढवण्यात घालवला. स्क्रीन बिचारी पहिल्यापासून ठीक होती.) खात्री करायची तर टर्मिनलमध्ये सुडो लावून लिबइनपुटचं (टच, टचपॅड, कीबोर्ड यांचे इशारे डेस्कटॉपपर्यंत नेणाऱ्या लायब्ररीचं) 'डीबग-इव्हेंट्स' चालवावं, उबंटूवर ते 'लिबइनपुट-टूल्स' पॅकेजमध्ये मिळतं. बोट टेकताच 'टच डाउन'ची ओळ उमटली, की ड्रायव्हर निर्दोष.

मग घोळ कुठे होतो? जुन्या एक्स११ सेशनमध्ये एखाद्या ॲपनं स्पर्श वेगळा मागितला नसेल, तर त्याच्यापुढे बोट माऊसच्या वेषात जातं. बटण दाबून माऊस ओढल्यावर जे होतं तेच मग होणार. एक्स११वर फायरफॉक्सची हीच गत असायची; एक पर्याय मुद्दाम चालू केल्याशिवाय तो बोटानं स्क्रोल करत नसे. एक्स११ची जागा घेणाऱ्या वेलँडमध्ये स्पर्श हा स्पर्श म्हणूनच येतो, आणि डिसेंबर २०२३ मधल्या १२१ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स वेलँड सेशनमध्ये आपणहून वेलँडवरच चालतो. तुमचं सेशन कोणतं, ते सेटिंग्जच्या 'अबाउट' पानावर सापडतं.

"टचपॅडवर तीन बोटं चालतात, मग स्क्रीनवर का नाही?" हा गैरसमज जास्त चिवट, कारण तो तर्काला धरून वाटतो. लिबइनपुट टचपॅडवरचं सरकवणं, चिमटा, बोटं दाबून ठेवणं स्वतः ओळखतं. टचस्क्रीनवर मात्र ते मुद्दाम काहीच ओळखत नाही. टचपॅडवर बोटं कितीही असोत, कर्सर एकाच जागी असतो. स्क्रीनवरचं प्रत्येक बोट कशावर तरी पडलेलं असतं. दोन बोटं एकाच नकाशावर असतील तर तो झूम. एक नकाशावर आणि दुसरं शेजारच्या खिडकीतल्या आवाजाच्या पट्टीवर असेल, तर ती दोन वेगळी कामं. कोणती खिडकी कुठे आहे हे लिबइनपुटला ठाऊकच नसतं. म्हणून ते बोटांच्या जागा तेवढ्या पुढे कळवतं, अर्थ लावायचा तो डेस्कटॉपनं आणि ॲपनं. ग्नोममध्ये तीन बोटं वर सरकवली की सगळ्या खिडक्या समोर येतात, ही करामत ग्नोमची. केडीई प्लाझ्मात स्क्रीनच्या कडेवरून बोट आत ओढल्यावर काय व्हावं, ते सेटिंग्जमध्ये ठरवता येतं. फोटो चिमटीनं मोठा होत नसेल, तर आधी दुसऱ्या ॲपमध्ये उघडून पाहा.

"टचएग टाका, सगळं सुटेल" हा सल्लाही अर्धाच. टचएग चांगलं आहे, स्क्रीनवरच्या खुणाही ओळखतं, पण ते एक्स११साठी. वेलँडवर ते बसवून वाट पाहण्यात अर्थ नाही.

राहता राहिलं स्क्रीन फिरणं. त्याचा टचशी संबंधच नाही. ते ॲक्सिलरोमीटर पाहतो आणि त्याचं म्हणणं 'आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी' डेस्कटॉपपर्यंत पोचवतं. चित्र भलत्याच दिशेला फिरत असेल, तर सेन्सर आत कसा बसवलाय याची नोंद बहुधा चुकलेली असते. चित्र नीट फिरलं पण बोट भलतीकडे पडतंय, हे दुखणं सहसा एक्स११चं : तिथे टचचे अक्ष वेगळे फिरवावे लागतात. आणि दुमडलेल्या लॅपटॉपला मागून धरताना पानभर अक्षरं उमटत असतील, तर तो 'टॅबलेट मोड'चा स्विच : तो कर्नलपर्यंत पोचत नसेल, तर कीबोर्ड बंद करायची वेळ झाली हे लिबइनपुटला कळणार कसं?